पाण्याच्या दिवशी सातजणी

गारखेड्यात आमच्या बिल्डिंगला पाणी येतं त्या दिवशी जिन्यात जत्रा भरल्यासारखं वाटतं. एरवी कोण कुठल्या घरात राहतं याचाही पत्ता नसतो. पण नळ यायची वेळ झाली की दारं उघडतात, मोटारी सुरू होतात, वरची बाई खालच्या बाईला हाका मारते, "आलं का गं? धार कशीय?" मीही दार उघडून उभी राहते. माझं पाणी लवकर भरतं. एका बाईला लागतं किती? एक टिपाड, दोन हंडे आणि पिण्याचा माठ. ते झालं तरी मी उगाच दारात रेंगाळते, कारण एवढं बोलणं परत पुढच्या पाण्यापर्यंत कानावर पडत नाही.

मागं एकदा शेजारची नवी सून म्हणाली, "मावशी, तुम्ही म्हणे पाण्यात चेंडू खेळायच्या?" तिच्या सासूनं लगेच आतून आवाज दिला, "खेळायच्या काय, अजून खेळवतात! इथं प्यायला पाणी नाय, आन ह्यांच्या पोरी पाण्यात चेंडू फेकतात." मी हसले. हे वाक्य मी तरुणपणापासून ऐकत आलेय, फक्त म्हणणारी बाई बदलते.

त्या खेळाचं नाव वॉटर पोलो. एका बाजूला सातजणी, समोर सातजणी. तळाला पाय लावायचा नाही, काठ धरायचा नाही, चेंडू एका हातानं धरायचा. दोन्ही हातांनी धरायची मुभा फक्त गोल राखणारीला. तिची टोपी लाल असते, म्हणजे कोणालाही लांबून कळावं. मी लाल टोपीवाली.

आमचं गाव गंगापूरच्या बाजूला. वडिलांनी पाठीला रिकामा डबा बांधून मला विहिरीत ढकललं, ती माझी पहिली आणि शेवटची पोहण्याची शिकवणी. पुढं कॉलेजला या शहरात आले, वसतिगृहात राहिले. तिथं खेळाच्या एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "पोहता कोणाला येतं?" मी हात वर केला.

"कुठं शिकलीस?"

"विहिरीत."

सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तुला पायानं तळ चाचपायची सवय नसेल. चल, गोलमध्ये उभी राहा."

उभी राहा म्हणायचं, पण उभं राहायला खाली काही नसतं. कमरेखाली पाय सारखे घुसळत राहायचे, ताक घुसळतो तसे, आणि वरचं अंग असं शांत ठेवायचं की बघणाऱ्याला वाटावं ही बाई स्टुलावर बसलीय. गोल राखणारीला अर्धा वेळ जवळ कोणी नसतं. खेळ सगळा त्या टोकाला, आरडाओरडा तिकडं, आणि आपण इकडं एकट्या, पाय हलवत. करायला काही नाही आणि थांबायचंही नाही. थांबलात की बुडालात. आता घरात दुपारच्या वेळी कधीकधी अगदी तसंच वाटतं.

तर आमचा संघ. त्या काळी नळ एक दिवसाआड यायचे. अर्ध्या शहराला आज, अर्ध्याला उद्या. आणि पाण्याच्या दिवशी घरातली पोरगी बाहेर पडणं शक्यच नव्हतं. आई चुलीशी, भाऊ झोपलेले, मग हंडे कोण भरणार? म्हणून आज पोहायच्या टँकवर सिडकोच्या पोरी यायच्या, उद्या पदमपुऱ्याच्या. वसतिगृहाला मोठा हौद होता, त्यामुळं मी दोन्ही दिवस हजर. दोन्ही अर्धे संघ ओळखणारी मी एकटीच. आजच्या पोरींना उद्याच्या पोरींचा खेळ मीच सांगायचे, एखाद्या घरातली सासुरवाशीण दुसऱ्या घरी निरोप पोचवते तसं.

बरं, तीन-चारजणींत सराव करायचा म्हणजे प्रत्येकीनं दोघींची जागा सांभाळायची. डावीकडचीनं उजवीकडचीही बघायचं. आमच्या पोरी त्यात इतक्या तयार झाल्या की रिकामी जागा दिसायच्या आधीच तिथं पोचायच्या. बाईंना कौतुक वाटायचं. मलाही वाटायचं.

मग पहिल्यांदा परगावी स्पर्धेला गेलो. तिथं कोणाच्या घरचं पाणी भरायचं नव्हतं. पहिल्यांदाच सातही जणी एका वेळी पाण्यात उतरल्या. मला गोलमधून दिसत होतं, माझ्यापुढं सहा टोप्या! डोळे भरून आले हो माझे. शिट्टी वाजली, चेंडू उजवीकडं गेला, आणि आमची डावीकडची पोरगी सवयीनं उजवीकडं झेपावली. उजवीकडची तर तिथं होतीच. दोघींची डोकी फाडकन आपटली. मधली मागं आली, मागची मधे गेली, दोघी एकमेकींच्या अंगावर. चेंडू आपला मधोमध तरंगतोय, कोणीच घेईना. समोरच्या पोरीनं तो उचलला आणि निवांत माझ्या डोक्यावरून आत टाकला. असं एकदा नाही, सारखं होत राहिलं. नसलेल्या पोरीची जागा भरायला शिकलेल्या पोरी. असलेल्या पोरीचं काय करायचं, ते त्यांना कुठं ठाऊक होतं?

शेवटी मी गोलमधून बोंब ठोकली, "अगं, सगळ्या आल्यात! सगळ्या आल्यात! आपापल्या जागेवर थांबा!"

काठावरचे लोक पोट धरून हसले. आम्ही सडकून हरलो. परतताना एसटीत दोघींच्या कपाळावर सारखीच टेंगळं होती आणि अख्खा रस्ता आम्ही "सगळ्या आल्यात" म्हणून हसत होतो. त्यानंतर एकेकीची लग्नं झाली. त्या सातजणी पुन्हा एका पाण्यात कधी उतरल्या नाहीत.

माझंही लग्न झालं. ह्यांची वीज खात्यात नोकरी होती. मी लग्नाआधीच सांगितलं होतं, "मी पोहायचं सोडणार नाही." ह्यांनी विचार करून विचारलं, "सकाळी जाता का संध्याकाळी?" मी म्हणाले, सकाळी. "मग ठीक. सकाळी मी घरी असतो." तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. पुढं मी बायकांच्या तासाला पोरींना शिकवायला लागले. टँकवर रोज सकाळी एक तास बायकांचा. गडीमाणसं बाहेर, फाटक बंद, वॉचमन पाठ करून बसायचा. आणि पाण्याच्या दिवशी हे बनियनवर खाली उतरून रांगेत हंडे भरायचे. बायका ऐकू जाईल असं म्हणायच्या, "बाई पाण्यात आन बाप्या पाण्यावर." हे आपले मान खाली घालून हंड्याच्या गळ्यापर्यंत पाणी येतंय का ते बघायचे. घरी आले की म्हणायचे, "आज धार बरी होती." एवढंच.

आम्हाला मूलबाळ झालं नाही. ह्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. कोच म्हणून माझ्याकडं कागद नाही, पदवी नाही. जे कळत गेलं ते पाण्यात बघून बघून. पण पोरी येत राहिल्या. एक पिढी गेली की दुसरी. फक्त एक गोष्ट बदलली नाही, पाण्याची अडचण. नळ आता कधी आठवड्यानं येतात, कधी त्याहून उशिरा, आणि प्रत्येक वसाहतीचा दिवस वेगळा. कोणत्या पोरीचं पाणी कधी, हे मला तोंडपाठ. सहाजणी येतात, पाचजणी येतात. कोच म्हणून इतकी वर्षं काठावर बसले, पण माझ्या सातजणी एकत्र पाण्यात मी कधीच पाहिल्या नाहीत.

यंदा टँकवर नवे साहेब आले. माणूस वाईट नाही. मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि म्हणाले, "मावशी, तुमच्या तासाला पाचजणी दिसतात. बाहेर लहान मुलांच्या वर्गासाठी पालक रांग लावून उभे आहेत. मी काय सांगू त्यांना?"

"साहेब, हा पोलोचा संघ आहे."

"संघ सातांचा ना? मग सात दाखवा. शुक्रवारी सकाळी वरचे अधिकारी येतायत. शाळेच्या वर्गातल्या मुलींबरोबर एक सामना लावा. सातजणी पाण्यात दिसल्या तर तास राहील. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

बाहेर आले आणि पायरीवर बसूनच राहिले. हा तास गेला तर पोरी जातील, हे तर होतंच. पण खरं सांगू? मला पुढचं दिसत होतं. सकाळी उठायचं, चहा करायचा, आणि मग कुठं जायचं? आठवड्यातून एकदा जिन्यात पाण्याला उभं राहायचं, तेवढंच माझं गणगोत.

मनातल्या मनात वसाहती मोजल्या. शुक्रवारी सहा जणींच्या घरी पाणी नव्हतं. एकीच्या होतं. आणि ती एक म्हणजे नेमकी लाल टोपीवाली.

ही पोरगी मुकुंदवाडीच्या पलीकडं राहते. हात इतके लांब की गोलच्या दोन्ही खांबांना पोचतील असं वाटतं. मी तिला शुक्रवारच्या सामन्याचं सांगितलं.

"मावशी, शुक्रवारी आमचं पाणी आहे."

"आईला सांग ना."

"आईची पहिली पाळी. कंपनीची गाडी पहाटंच येती. पप्पा ट्रकवर. आजी अंथरुणावर."

"शेजारी?"

"त्यांचं त्यांनाच पुरत नाय. धार करंगळीएवढी असती. मागं एकदा आमचं पाणी चुकलं, मग टँकरचं घेतलं, तर आजीला जुलाब लागले. आई म्हणली, आता पाणी सोडून कुठं गेलीस तर ती लाल टोपी चुलीत घालीन."

"गॅस आहे ना तुमच्याकडं?"

"तरी घालीन म्हणली."

दोघी हसलो. पण मला रात्रभर तेच. कोणाला पाठवावं तिच्या घरी? उरलेल्या सहाजणी तर टँकवरच लागणार. त्यांच्याशिवाय कोण आहे आपलं, ज्याला म्हणावं की बाबा, एक सकाळ माझ्यासाठी पाणी भर? एकेक चेहरा आठवून बघितला. कोणी गेलेलं, कोणी पुण्याला मुलाकडं, कोणाशी बोलून वर्षं झालेली. त्या दिवशी मोकळं असं एकच माणूस शहरात सापडलं. ते म्हणजे मी.

"मी येते तुझ्या घरी," दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं.

"तुम्ही? मंग टँकवर कोण?"

"तुम्ही सातजणी. अजून कोण पाहिजे?"

"आन शिट्टी?"

"शाळेच्या बाई वाजवतील." मग तिचे खांदे धरून सांगितलं, "हे बघ, तुम्ही साती कधी एकत्र खेळला नाहीत. एकमेकींच्या अंगावर जाल. तुला गोलमधून सगळं दिसेल. तेव्हा ओरडायचं. काय ओरडायचं माहीत आहे ना?"

ती खुदकन हसली. माझी ती परगावची गोष्ट माझ्या सगळ्या पोरींना इतक्यांदा ऐकून झालीय की मी सुरू केली की त्या माना टाकतात.

शुक्रवारी मी रिक्षानं तिच्या गल्लीत पोचले तेव्हा ती पिशवी खांद्याला लावून दारातच होती. नळ कुठला, टिपाडं कोणती, आजीच्या गोळ्या कुठं, सगळं भराभर सांगून पळाली. घर एका खोलीचं, पण लखलखीत. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली खाट, खाटेवर आजी.

"जयभीम आजी," मी म्हणाले.

"जयभीम. कोण गं बाई तू?"

"तुमच्या नातीची खेळाची बाई."

"आन ती कुठंय?"

"पाण्यात."

"मंग पाणी कोण भरणार?"

"मी."

आजी छताकडं बघत म्हणाली, "नातीला पाण्यात सोडलं आन सोता पाण्याला आली. तुझ्या घरी कोणी नाय का?"

"नाही."

"मंग बस. चहा तूच कर. मला बी दे."

त्यांचा नळ दाराबाहेर खड्ड्यात. धार वर चढत नाही म्हणून लोकांनी जमीन खणून नळ खाली नेलेत. गल्लीभर असे खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्याच्या तोंडाशी एक बाई. पाणी सातला येणार होतं. सामनाही सातलाच. सात वाजले, नळ कोरडा. सव्वासात, कोरडा. मी खड्ड्याच्या काठावर बसून होते आणि मनात शिट्टी वाजली होती. आता उतरल्या असतील. आता चेंडू फेकला असेल. आता डावीकडची उजवीकडं गेली असेल.

पलीकडच्या खड्ड्यावरची बाई केव्हाची माझ्याकडं बघत होती. "नवीन दिसता. कोण लागता ह्यांच्या?"

"काही नाही लागत."

"काही लागत नाय आन सकाळी सकाळी खड्ड्यावर येऊन बसल्या?" ती तिसरीला म्हणाली, "बघ गं, आमची सख्खी नणंद बी येत नाय."

तिसरी म्हणाली, "तुझी नणंद आली तर पाणी बी परत जाईल."

सगळ्या हसल्या, मीही हसले. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाकडून आरोळी आली, "सुटलं! सुटलं!" आणि हसणं जागच्या जागी थांबलं.

मी खड्ड्यात उतरले. गोल राखणाऱ्या बाईचे गुडघे म्हातारपणी कसे होतात ते तुम्हाला काय सांगू. सगळी ताकद पाण्यात घुसळून झालेली असते. वाकून तांब्या लावायचा, भरला की कळशीत, कळशी भरली की वर काठावर, मग स्वतः वर, मग आत टिपाडात. परत खाली. धार खरंच करंगळीएवढी. पहिली कळशी मी निम्मी सांडली. पलीकडची बाई ओरडली, "अवो, कमरंवर घ्या ना! पोटाशी काय धरता, चेंडू हाय का तो?"

आता तिला काय सांगणार.

दुसऱ्या टिपाडाला हात लावला तेव्हा मला हे आठवले. बनियनवर वाकलेले, मान खाली. मी टँकवर पोरींना शिकवत होते ती सगळी वर्षं हे असेच कुठंतरी वाकलेले होते. त्यांनी माझा एकही सामना पाहिला नव्हता. मला एकदाही गोलमध्ये पाहिलं नव्हतं. आणि त्याबद्दल एक अक्षर कधी बोलले नाहीत. "आज धार बरी होती," एवढंच. मी तशीच खड्ड्यात उभी राहिले. तांब्या भरून वाहायला लागला तशी वरून बाई करवादली, "सांडतंय! सांडतंय!"

टिपाडं भरली, हंडे भरले, आजीचा माठ भरला. झाकणं लावली. नळ गेला तशा गल्लीतल्या बायका आपापल्या दारात गेल्या आणि एकदम सगळं सुनं झालं. मी आजीला गोळी दिली, उशीला टेकवून बसवलं. तिनं विचारलं, "पोरगी जिंकली का?"

"माहीत नाही आजी. मी इथंच होते."

"व्हय की." थोड्या वेळानं म्हणाली, "मी बी इथंच होते."

पोरगी आली ती पळतच. केस ओले, डोळे टँकच्या औषधानं लाल. आधी आत जाऊन टिपाडांची झाकणं उचलून बघितली, मग माझ्याकडं वळली.

"मावशी, राहिला! तास राहिला! ते मोठे साहेब थोडाच वेळ थांबले, पण मोजलं त्यांनी. बोट दाखवून सात मोजलं."

"आणि खेळ?"

"खेळाचं काय विचारता! पहिल्यांदा दोघी धाडकन आपटल्या."

"कोण? डावीकडची उजवीकडं गेली?"

"तीच! तुम्हाला कसं कळलं? मग मी गोलमधून ओरडले, अगं, सगळ्या आल्यात, जागेवर थांबा!" ती हसली. ओल्या केसांचं पाणी पिळत म्हणाली, "तर ती मधली पाण्यातूनच ओरडली, सगळ्या कुठं? मावशी कुठंय? आन साती जणींनी पायरीकडं बघितलं. तुम्ही बसता तिकडं. तेवढ्यात समोरच्या पोरींनी गोल केला."

"मूर्ख कुठल्या," मी म्हणाले. मग उठून तिनं उघडी टाकलेली टिपाडांची झाकणं परत लावली. आजी खाटेवरून म्हणाली, "तिला चहा दे गं. सकाळपासून खड्ड्यात हाय."

चहा पिऊन निघाले. पोरगी रिक्षापर्यंत सोडायला आली. वाटेत पलीकडच्या खड्ड्यावरची बाई भांडी घासत होती. तिनं पोरीला विचारलं, "कोण गं ह्या? काही लागत नाय म्हणतात." पोरगी म्हणाली, "आमच्या कोच." बाई म्हणाली, "म्हंजे?" पोरीनं जरा विचार केला आणि म्हणाली, "म्हंजे आमच्याच."

त्या संध्याकाळी अंग असं दुखत होतं की खिचडीही टाकली नाही. अंधारात खुर्चीवर बसले आणि सातजणी पाण्यात कशा दिसल्या असतील ते मनात लावून बघत राहिले. लाल टोपी इकडं, निळ्या टोप्या पुढं. कितीदा मांडल्या तरी माझ्या मनात एक जागा रिकामीच राहायची. इतक्या वर्षांची सवय. मला सातजणी नीट दिसतच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकवर गेले. वॉचमननं फाटक उघडलं. पाणी स्वच्छ, थंड. सहाजणी होत्या. पदमपुऱ्याचं पाणी होतं. मी पायरीवर माझ्या जागी बसले, पाय पाण्यात सोडले, आणि डावीकडच्या पोरीला म्हणाले, "आज उजवीकडचंही तूच बघ."